‘पोस्टमध्ये बघू’ म्हणायची सोय नव्हती, तेव्हा दादासाहेब फाळकेंनी वाटाण्याचं रोप पडद्यावर वाढवलं होतं

अंधेरी ते मालाड या पट्ट्यात एडिटिंगचे स्टुडिओ आणि ॲनिमेशनचे क्लास ढिगाने आहेत. तिथं नवीन लागलेल्या पोरापोरींना सगळ्यात आधी एक वाक्य पाठ होतं, ते म्हणजे ‘पोस्टमध्ये बघू’. कॅमेरा हलला, पोस्टमध्ये बघू. उजेड कमी-जास्त झाला, पोस्टमध्ये बघू.

पोस्ट म्हणजे पोस्ट-प्रॉडक्शन. शूटिंग उरकल्यावर कॉम्प्युटरवर जे काम चालतं ते. थरथरणारं फुटेज स्थिर करणं हे त्यातलं रोजचं काम.

याच पट्ट्यात, गोरेगाव पूर्वेला डोंगराच्या कुशीत एक चित्रनगरी आहे. १९७७ मध्ये राज्य सरकारने ती उभारली आणि पुढे तिला नाव दिलं दादासाहेब फाळके चित्रनगरी. पण ज्या माणसाचं नाव या चित्रनगरीला आहे, त्याच्याकडे पोस्टमध्ये काही सावरून घ्यायची सोयच नव्हती. कॉम्प्युटर सोडा, कच्च्या फिल्मला भोकंसुद्धा घरीच पाडावी लागत होती.

तरी या माणसाने एकेक फ्रेम टिपत वाटाण्याचं रोप पडद्यावर वाढवून दाखवलं, आगकाड्या नाचवल्या आणि कंसाचं डोकं धडावेगळं करून दाखवलं.

हे जमलं कसं? त्याचीच ही गोष्ट.

आधी हे समजून घेऊ, स्टॉप-मोशन थरथरतं का?

स्टॉप-मोशन म्हणजे एखादी निर्जीव वस्तू थोडी सरकवायची, एक फोटो काढायचा, परत थोडी सरकवायची, परत एक फोटो. हे सगळे फोटो भरभर दाखवले की वस्तू आपोआप चालल्यासारखी वाटते. टाइम-लॅप्स याचंच भावंड. तिथं वस्तू आपल्या गतीने बदलत असते, म्हणजे कळी उमलते, रोप वाढतं आणि आपण फक्त ठरावीक वेळाने फोटो काढत राहतो.

दोन्हींची अट एकच. वस्तू सोडून बाकी काहीही हलता कामा नये.

नेहमीच्या व्हिडिओत कॅमेरा हलला, तर तो एका लयीत हलतो. हात थोडा डावीकडे गेला, परत आला. स्टॉप-मोशनमध्ये दोन फोटोंच्या मध्ये काही मिनिटं जातात, कधी काही तास. त्या वेळात ट्रायपॉडला पाय लागतो, टेबल सरकतं, खिडकीतून येणारं ऊन बदलतं. त्यामुळे प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे उडी मारते. पडद्यावर ते थरथरल्यासारखं दिसतं.

आज यावर उपाय आहे. फ्रेममधला एक असा बिंदू निवडायचा जो हलायलाच नको होता, समजा टेबलाचा कोपरा. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये तो बिंदू शोधतं आणि तो जितका उजवीकडे गेला असेल तितकी अख्खी फ्रेम डावीकडे ढकलतं. फ्रेम सरकली की कडेला काळी पट्टी दिसते, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा कापाव्या लागतात.

पण यात दोन मेख आहेत. एक, सगळं काम सॉफ्टवेअरवर सोडलं तर ते बाहुलीच्या हालचालीलाच कॅमेऱ्याची थरथर समजतं आणि भलतंच काहीतरी स्थिर करतं. दोन, कॅमेरा जागचाच सरकला असेल, तर जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं एकमेकांमधलं अंतर बदलतं. ते नुसती फ्रेम सरकवून दुरुस्त होत नाही.

म्हणजे आजही खरी स्थिरता शूटिंगच्या वेळीच कमवावी लागते. फाळकेंकडे तर तेवढा एकच मार्ग होता. आणि त्या मार्गाची तयारी त्यांनी नकळत आधीची वीस-पंचवीस वर्षं केली होती.

त्र्यंबकेश्वरचा मुलगा बडोद्याला पोहोचला

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजमध्ये शिकवायची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. धुंडिराजांनी १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. पुढे थोरल्या भावासोबत ते बडोद्याला गेले आणि तिथल्या कलाभवनात शिकले.

कलाभवनात त्यांनी काय केलं याची यादी मोठी आहे. तैलरंग, जलरंग, वास्तुकला, साचेकाम आणि फोटोग्राफी. कॅमेरा घेऊन ते स्वतःच फोटो काढायचे, स्वतःच धुवायचे. कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांना या पोराची चिकाटी दिसली. त्यांनी धुंडिराजांना रतलामला पाठवलं, तीन रंगांच्या छपाईचे ब्लॉक बनवायला शिकण्यासाठी.

हे रतलाम प्रकरण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्यानंतर फाळकेंनी गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा सुरू केला. पण प्लेगची साथ आली आणि त्यात पत्नी आणि मूल दोघंही गेले. धंदा मोडला. परत बडोदा, परत नवी सुरुवात. याच काळात ते जादूचे प्रयोगही शिकले. जादूगार म्हणून त्यांनी नाव घेतलं प्रोफेसर केळफा. फाळके हे नाव उलटं वाचलं की केळफा होतं.

१९०२ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. पत्नीचं सासरचं नाव सरस्वती. या गोष्टीत सरस्वतीबाईंचं काम फाळकेंच्या बरोबरीचं आहे, ते पुढे येईलच.

छापखान्यात शिकलेला धडा

१९०३ मध्ये फाळके सरकारी पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले. काही वर्षांत स्वदेशीचं वारं आलं आणि त्यांनी सरकारी नोकरी सोडली. लोणावळ्याला छपाईचा उद्योग काढला, पुढे तो दादरला आणला. लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हे त्याचं नाव. रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले.

आता रतलामकडे वळू. तीन रंगांची छपाई म्हणजे एकाच कागदावर एकामागून एक तीन ठसे उमटवायचे. पिवळा, लाल आणि निळा. तिन्ही ठसे अगदी एकमेकांवर बसले तर चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. एखादा ठसा केसभर सरकला, की ओठ ओठाच्या बाहेर जातो आणि डोळ्याला दोन कडा येतात. छापखान्यात याला रजिस्टर जुळणं म्हणतात.

सिनेमाचाही मूळ प्रश्न हाच आहे. तिथं ठसे कागदावर नसून काळावर उमटतात, एवढाच फरक. पहिली फ्रेम जिथं पडली तिथंच दुसरी पडली पाहिजे, तिथंच तिसरी. म्हणजे फाळके सिनेमात आले, तेव्हा एक चित्र दुसऱ्या चित्रावर नेमकं बसवण्याची त्यांच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय होती.

छापखाना चांगला चालत होता, पण भागीदारांशी पटेना. फाळके बाहेर पडले. चाळिशी आलेली, घरात मुलंबाळं आणि हातात काम नाही.

तंबूतला सिनेमा आणि गेलेली नजर

१९१०-११ च्या सुमारास गिरगावात फाळकेंनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळकेंच्या डोक्यात राम आणि कृष्ण चालायला लागले. आपल्या देवांच्या गोष्टी आपल्याच लोकांनी अशा दाखवल्या पाहिजेत, हे त्यांनी तिथंच ठरवलं.

त्यानंतर त्यांनी मिळेल तो सिनेमा पाहायला सुरुवात केली. रोज चार-पाच तास सिनेमे बघायचे, उरलेल्या वेळात घरी छोट्या कॅमेऱ्यावर आणि रिळांवर खटाटोप करायचा. झोप जवळपास नाहीच.

परिणाम काय झाला? डोळे गेले. काही काळ त्यांना दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले, चष्म्याच्या आधारावर नजर परत आली. दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता. फाळकेंनी नजर परत येताच पुन्हा तेच काम हातात घेतलं.

पैसे नव्हते, म्हणून विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले. १ फेब्रुवारी १९१२ ला त्यांनी लंडनची बोट धरली.

लंडनहून काय आणलं?

लंडनमध्ये ओळखीचं कुणी नाही. तिथं बायोस्कोप नावाचं सिनेमाचं साप्ताहिक निघायचं. फाळके थेट त्याच्या कचेरीत गेले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. कॅबोर्न यांनी आधी या भानगडीत पडू नका असंच सुचवलं. पण समोरचा माणूस ऐकणाऱ्यांतला नाही हे दिसल्यावर त्यांनीच ओळख करून दिली, निर्माते-दिग्दर्शक सेसिल हेपवर्थ यांच्याशी. हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत फाळकेंनी काम जवळून बघितलं.

परतीच्या वाटेवर येताना त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, किंमत ५० पौंड. कोडॅकच्या कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली. आणि तिसरी वस्तू घेतली ती परफोरेटर, म्हणजे फिल्मला भोकं पाडायचं यंत्र.

कॅमेरा आणि फिल्म कुणालाही समजेल. पण भोकं पाडायचं यंत्र कशाला?

त्या काळी कच्ची फिल्म बऱ्याचदा कोरी यायची, कडेला भोकं नसलेली. कॅमेऱ्यातला एक दातेरी पंजा या भोकांत अडकतो, फिल्म बरोबर एक फ्रेम खाली ओढतो आणि सोडतो. पंजाला बाकी काही कळत नाही, त्याला फक्त भोक कळतं. भोक चुकीच्या जागी पडलं, तर फ्रेमही चुकीच्या जागी पडणार.

किती फरक पडतो? फिल्मवरचं चित्र साधारण २५ मिलिमीटर रुंद असतं. समजा पडदा १५ फूट रुंद आहे. म्हणजे चित्र १८० पटींहून जास्त मोठं होतं. भोकात एक दशांश मिलिमीटरची चूक झाली, तर पडद्यावर राजा हरिश्चंद्र जवळपास दोन सेंटिमीटर उडी मारणार. आणि अशा प्रत्येक चुकीला एक उडी.

थोडक्यात, आजचं स्टॅबिलायझेशन हे शूटिंगनंतरचं काम आहे. फाळकेंच्या घरी ते शूटिंगच्या आधीचं काम होतं.

अंधारात पाडलेली लाखो भोकं

१ एप्रिल १९१२ ला फाळके परत आले आणि फाळके फिल्म्स कंपनी सुरू झाली. दादरचं राहतं घर हाच कारखाना. भोकं पाडायचं काम अंधाऱ्या खोलीतच करावं लागे, कारण फिल्मला उजेड लागला की ती बाद. हे काम सरस्वतीबाईंनी उचललं. दिवसभराचं घरकाम, मुलं, स्वयंपाक हे सगळं आवरून.

त्या कामाचा आकार किती होता, याचा एक साधा हिशोब करू. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला एका फुटात एका कडेला ६४ भोकं असतात. दोन्ही कडा धरल्या तर १२८. राजा हरिश्चंद्र हा सिनेमा ३,७०० फुटांचा होता. म्हणजे फक्त एका प्रतीसाठी ४ लाख ७३ हजार ६०० भोकं. यात वाया गेलेली फिल्म धरलेली नाही, निगेटिव्ह आणि प्रिंट यांचा वेगळा हिशोबही धरलेला नाही. यंत्र एका दणक्यात एकापेक्षा जास्त भोकं पाडत असलं, तरी अंधारात फिल्म सरळ धरून पुढं सरकवत राहणं हे हातांचंच काम.

त्या भोकांवरच पुढची सगळी स्थिरता उभी होती. सरस्वतीबाईंनी फिल्म धुण्याची रसायनंही तयार केली, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेडही टाकला, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही केला आणि वेळ आली तेव्हा अंगावरचे दागिनेही दिले. भारतातल्या पहिल्या सिनेमा-तंत्रज्ञांची यादी करायची झाली, तर त्यांचं नाव अगदी वर येतं.

कुंडीतला वाटाणा

पण सिनेमाला पैसा लागतो आणि पैसेवाल्याला पुरावा लागतो. सिनेमा नावाची गोष्ट आपल्या मातीत बनू शकते, यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

लंडनवारीच्या याच धावपळीच्या काळात फाळकेंनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा लावला आणि ठरावीक अंतराने फ्रेम टिपायला सुरुवात केली. दाणा फुटला, कोंब वर आला, पानं आली, वेल चढला. महिनाभराची वाढ मिनिटाभरात दिसली. या छोट्या फिल्मचं नाव अंकुराची वाढ.

हे जगात पहिल्यांदा होत होतं असं नाही. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांची फुलं उमलण्यावरची फिल्म १९१० मध्येच येऊन गेली होती. पण त्यांच्या पाठीशी कंपनी होती. फाळकेंच्या पाठीशी दादरचं घर होतं.

त्या काळचा सिनेमा साधारण सेकंदाला १६ फ्रेमच्या वेगाने चालायचा. दिवसाला एकच फ्रेम घेतली, तर महिन्याच्या ३० फ्रेम होतात आणि त्या दोन सेकंदांत संपतात. मिनिटभराच्या फिल्मला ९६० फ्रेम लागतात. म्हणजे महिनाभर रोज तीस-बत्तीस फ्रेम घ्याव्या लागतील. एवढे दिवस कॅमेरा केसभर हलता कामा नये. कुंडीला पाणी तर घालावंच लागणार, पण घालताना कुंडी सरकता कामा नये. आणि बरं-वाईट काय झालंय, ते फिल्म धुवेपर्यंत कळणार नाही.

आज मोबाइलवर आधीची फ्रेम अंधुक दाखवणारी ॲप आहेत, त्यामुळे काही सरकलं की लगेच दिसतं. फाळकेंना सगळ्या फ्रेम डोक्यात ठेवाव्या लागल्या. तेही नुकतीच परत आलेली नजर घेऊन.

ही फिल्म त्यांनी मोजक्या लोकांना दाखवली. पाहणाऱ्यांत मित्र यशवंतराव नाडकर्णी होते. अंधारात भिंतीवर एक वेल चढताना पाहिला आणि त्यांचा विश्वास बसला. कर्जाची वाट मोकळी झाली. वाटाण्याच्या त्या वेलाने एखादी जरी मोठी उडी मारली असती, तर पाहणाऱ्यांना झाडाची वाढ दिसली नसती, नवख्या माणसाची चूक दिसली असती.

हरिश्चंद्र उभा राहिला

पुढचा इतिहास शाळेच्या पुस्तकातही आहे. दादरच्या मथुरा भवन या बंगल्यात सेट लागला. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, रोहिदास झाला फाळकेंचा मुलगा भालचंद्र. तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाने ती भूमिका केली. कॅमेऱ्याची मूठ होती त्र्यंबक तेलंग यांच्या हातात, त्यांना कॅमेरा शिकवला फाळकेंनीच.

मूठ हा शब्द इथं शब्दशः घ्यायचा. कॅमेऱ्याला मोटर नव्हती, हाताने दांडा फिरवायचा. साधारण एका फेऱ्यात आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे. हात जोरात चालला तर नट पडद्यावर संथ दिसणार, हात रेंगाळला तर पळायला लागणार. आणि फिरवताना धक्का बसला तर अख्खं चित्र डुलणार. लाकडी कॅमेरा, लाकडी तिकाटणं आणि तेलंगांचं मनगट, एवढ्यावर सगळं चाललं होतं.

२१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरमध्ये निमंत्रितांना आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सगळ्यांना राजा हरिश्चंद्र दाखवला गेला. लोकांनी गर्दी केली.

आगकाड्यांना फुटलेले पाय

त्याच वर्षी फाळकेंनी बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला हलवली. मोहिनी भस्मासुर आला, त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी काम केलं. १९१४ मध्ये ते सिनेमे घेऊन परत लंडनला गेले. तिथं कौतुक झालं, राहून काम करायचं आमंत्रणही आलं. त्यांनी ते घेतलं नाही.

परत आले तर पहिलं महायुद्ध सुरू झालेलं. पैसा देणारे मागे सरले. मोठा सिनेमा काढायची ऐपत उरली नाही.

अशा वेळी फाळकेंनी स्वस्तातली नटमंडळी शोधली. पगार नाही, जेवण नाही, पोशाख नाही. आगकाड्या! १९१५ ची ही छोटी फिल्म म्हणजे आगकाड्यांची मौज. काड्या आपल्या आपण सरकतात, एकत्र येतात, आकार घेतात. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्यांचा असाच खेळ पडद्यावर आणला होता. भारतात स्टॉप-मोशनची गोष्ट सांगायची, तर ती या आगकाड्यांपासूनच सुरू होते.

काडी वजनाला किती? जोरात श्वास सोडला तरी सरकते. वाटाण्याच्या रोपाला निदान मुळं होती. इथं प्रत्येक काडी हाताने ठेवायची, हात बाजूला घ्यायचा, एक फ्रेम घ्यायची, परत हात घालायचा. सेकंदाला सोळा वेळा हे. एक काडी चुकून ढळली, तर मागे जाऊन बघायची सोय नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर अंडू नव्हतं.

एकाच फिल्मवर दोन वेळा

१९१७ च्या लंकादहनने मात्र तिजोरी भरली. तिकिटाची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागली, असं सांगितलं जातं. १ जानेवारी १९१८ ला भागीदारांसोबत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. त्याच वर्षी श्रीकृष्णजन्म आला, पुढच्या वर्षी कालियामर्दन. कृष्ण झाली होती फाळकेंची मुलगी मंदाकिनी.

श्रीकृष्णजन्ममध्ये भेदरलेल्या कंसाचं डोकं धडापासून सुटताना दिसतं. हे करायचं तर फिल्मचा एक भाग झाकून चित्रण करायचं, फिल्म मागे फिरवायची आणि राहिलेल्या भागावर दुसऱ्यांदा चित्रण करायचं. दोन्ही वेळेला फिल्म त्याच जागी बसली पाहिजे. नाही बसली, तर धड एका तालात थरथरणार आणि डोकं दुसऱ्या. मग लोक घाबरायच्या ऐवजी हसणार.

इथं रतलामचं ब्लॉकमेकिंग, प्रोफेसर केळफाची जादू आणि अंधारात पाडलेली भोकं हे तिन्ही एका फ्रेममध्ये येऊन मिळतात. फाळकेंची जादू बघणाऱ्याला जादू वाटत होती, कारण बाकीचं चित्र हलत नव्हतं.

हे कसब त्यांनी लपवूनही ठेवलं नाही. चित्रपट कसे तयार करतात, हे सांगणारी एक फिल्मच त्यांनी १९१७ मध्ये काढली.

चित्र स्थिर, माणूस अस्थिर

पण भागीदारांशी त्यांचं परत बिनसलं. पैसा किती घालायचा, वेळ किती घ्यायचा यावरून खटके उडाले. फाळके कंपनी सोडून कुटुंबासह काशीला गेले. तिथं रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं. काही काळाने परत आले, परत काम केलं, पण आधीची पकड राहिली नाही.

१९३१ मध्ये आलम आरा आला आणि सिनेमा बोलायला लागला. फाळकेंचा सेतुबंधन मूकपट म्हणून बनला होता, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. म्हणजे शेवटी शेवटी त्यांनाही पोस्टमध्ये बघावंच लागलं. कोल्हापुरात केलेला गंगावतरण हा १९३७ चा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा सिनेमा. लहान-मोठे मिळून शंभरहून जास्त चित्रपट करणारा हा माणूस १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये गेला, तेव्हा हाताशी फार काही उरलं नव्हतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९६९ मध्ये सुरू झाला.

मग आज काय हलतं?

जुनी फिल्म वयाबरोबर आकसते. ती आकसली की भोकांमधलं अंतर बदलतं आणि कधीकाळी स्थिर असलेलं चित्र थरथरायला लागतं. म्हणून जुने मूकपट आता स्कॅन करून कॉम्प्युटरवर स्थिर केले जातात, त्याच पद्धतीने, एक बिंदू धरून.

पण जाणकार तिथंही जपून काम करतात. फिल्म आकसल्यामुळे आलेली थरथर काढायची असते. कॅमेरा फिरवणाऱ्या हाताचा जो हलका डोल मूळ सिनेमातच होता, तो तसाच ठेवायचा असतो. सगळंच गुळगुळीत केलं, तर तेलंगांचं मनगट पुसलं जाईल आणि सरस्वतीबाईंची रात्रही.

फाळकेंच्या सिनेमांपैकी थोडेच भाग आज शिल्लक आहेत आणि ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेले आहेत. राजा हरिश्चंद्रही अख्खा उरलेला नाही. २००९ मध्ये परेश मोकाशी यांच्या हरिश्चंद्राची फॅक्टरी या सिनेमामुळे नव्या पिढीला दादरचं ते घर बघायला मिळालं.

तेव्हा घरी मोबाइल लावून स्टॉप-मोशन करणार असाल, तर फाळकेंच्या घरातले चार नियम आजही तसेच लागू होतात. कॅमेरा पक्का बांधा, नुसता टेकवू नका. उन्हावर विसंबू नका, खिडकी झाकून एकच दिवा लावा. फ्रेमच्या कोपऱ्यात न हलणारी एक खूण राहू द्या, पुढे फुटेज सावरायची वेळ आली तर तीच उपयोगी पडेल. आणि कडा कापाव्या लागतील हे धरून चौकट थोडी सैल ठेवा.

यातले पहिले दोन नियम पाळले, तर उरलेल्या दोघांची गरज बऱ्याचदा पडतच नाही.